घसा, गाठी आणि पाणथरी

भाच्याला ताप आला तेव्हा घशात बॅटरी मारून मीच पाहिलं. टॉन्सिलवर दह्यासारखा पांढरा थर, मानेच्या मागच्या बाजूला गाठी, पापण्या सुजलेल्या. मेडिकलवरून ॲमॉक्सिसिलिन आणलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकराची पाठ, पोट लाल पुरळानं भरलं. बहीण म्हणाली गोवर, शेजारीण म्हणाली रिॲक्शन. निघाला मोनोन्यूक्लिओसिस, म्हणजे मोनो.

या आजारात ॲमॉक्सिसिलिन-ॲम्पिसिलिन दिलं की बऱ्याच मुलांना असं पुरळ उठतं. ती बहुधा कायमची ॲलर्जी नसते. पण फाइलवर ‘पेनिसिलिन चालत नाही’ असा शेरा पडतो आणि जन्मभर पुसला जात नाही. मुळात आजार विषाणूचा, म्हणजे अँटिबायोटिकचा त्यावर उपयोगच नाही. एपस्टीन, अचाँग आणि बार यांना हा विषाणू 1964 साली एका कर्करोगाच्या पेशींत दिसला. मोनोशी त्याचं नातं 1968 मध्ये जुळलं, तेही फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आजारी पडली म्हणून!

‘हा शहरातल्या कॉलेजच्या पोरांचा आजार, आपल्या उमरीसारख्या गावात कुठला?’ उलट आहे. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्यांना या विषाणूची लागण कधीतरी होऊन गेलेली असते. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच, साध्या सर्दी-तापासारखी. म्हणून तिला नाव मिळत नाही. मोनोचं ‘किसिंग डिसीज’ हे दुसरं नाव ऐकून आईबाप अवघडतात, पण लाळ उष्ट्या ग्लासातून, बाटलीतूनही जाते. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा परवाच्या लग्नात काय खाल्लं हे शोधण्यात अर्थ नाही.

रिपोर्टवर ‘ॲटिपिकल लिम्फोसाइट’ वाचून घरात रडारड होते. मोनोत या पेशी अपेक्षितच असतात. रक्ताच्या कर्करोगाची शंका असेल तर पॅथॉलॉजिस्ट स्मिअर बघून सांगतात. चार वर्षांखालच्या मुलांत मोनोस्पॉट चाचणी अनेकदा निगेटिव्ह येते, तेव्हा विषाणूची अँटिबॉडी तपासावी लागते. आणि एकट्या व्हायडल चाचणीवर टायफॉइडचा शिक्का मारायची आपल्याकडची घाई इथंही नडते. पांढरा थर घटसर्पाचाही असू शकतो, लस चुकलेली असेल तर जास्तच. म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका.

औषध म्हणाल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, झोप. ॲस्पिरिन मुलांना नाही. लेकरू तोंडानं पीत असेल तर ‘एक सलाईन लावून टाका’ हा आग्रह फुकट. स्टेरॉइड डॉक्टर श्वासाची वाट अडल्यावर देतात, ताप लवकर उतरावा म्हणून नाही.

खरी भीती पाणथरीची, म्हणजे प्लीहेची. ती सुजते आणि धक्क्यानं फुटू शकते. ताप उतरून पोरगं उड्या मारू लागलं तरी आजार सुरू झाल्यापासून किमान तीन-चार आठवडे कबड्डी, कुस्ती, झाडावर चढणं बंद. पुढचं डॉक्टरांना विचारून. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक कळ आली, पोरगं पांढरं पडलं, श्वास घरघरू लागला किंवा थुंकीही गिळेना, तर थेट नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात.

शाळेचं विचारतात सगळे. लाळेत विषाणू कित्येक महिने राहतो, तेवढे दिवस कोण घरी ठेवणार? ताप गेला, अंगात त्राण आलं की पाठवा, बाटली मात्र त्याची त्याला. भाचा महिनाभर कबड्डीच्या रेषेबाहेर बसून गुण मोजत होता.