गावाचे अग्रक्रम गावानेच ठरवावेत

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती या सभेची सदस्य होय. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाकाठी किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तितकी उपस्थिती गणपूर्तीसाठी आवश्यक असते. मात्र गणपूर्ती झाली म्हणजे गावाचे मत कळले, असे नव्हे.

पंचायतीचा निधी मर्यादित आणि गरजा अनेक, म्हणूनच अग्रक्रमाचा प्रश्न निर्माण होतो. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बंधित होती. उरलेल्या ४० टक्क्यांतून स्थानिक गरजेची कामे घ्यावयाची होती. अशा तुटपुंज्या रकमेतून गावाच्या वेशीवर कमान उभारावी, की वस्तीचा चिखलात रुतणारा रस्ता करावा? हा निर्णय चावडीजवळ राहणाऱ्या चार मंडळींनीच घेतला, तर दूरच्या पाड्यावरील शाळकरी मुलांची पावसाळ्यातील पायपीट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सर्वांचे म्हणणे कळावे यासाठी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. सभेची सूचना केवळ फलकावर न लावता दवंडीने वा ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचवावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहेच. ती निव्वळ सह्यांपुरती उरू नये. पाण्यासाठी किती हेलपाटे पडतात, हे घागर वाहणारी स्त्रीच नेमके सांगू शकते. मजुरांना सोयीची वेळ निवडणे आणि आधी वस्तीनिहाय बैठका घेणे हेही तितकेच उपयुक्त ठरते.

मत विचारण्यापूर्वी माहिती देणेही आवश्यक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि तो ग्रामसभेपुढे ठेवला जातो. पिण्यासाठी व जनावरांसाठी लागणारे पाणी आधी राखून, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत हे ठरते. आकडे सर्वांसमोर असल्यामुळे निर्बंधही गावाला आपले वाटतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह करण्याची आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची परंपरा जोपासली. तेथे बहुमताच्या जोरावर कोणाचे म्हणणे डावलले जात नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती गोष्ट म्हणजे उत्तर. कोणती सूचना स्वीकारली, कोणती पुढील वर्षावर टाकली, कोणती नाकारली आणि का, याची नोंद पुढील सभेत वाचून दाखवावी व फलकावर लावावी. नकाराचेही कारण समजले, तर माणूस पुन्हा सभेला येतो. आपल्या सूचनेचे पुढे काय झाले हेच कळले नाही, तर तो येईनासा होतो आणि हळूहळू सभा ओस पडते.

सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांनी मनावर घेतल्यास यांतील बहुतेक गोष्टींना वेगळा खर्च लागत नाही. गावाचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी तो गावकऱ्यांच्या बोलण्यातून घडावा, एवढेच येथे अभिप्रेत आहे.