विश्लेषण : ‘पिकअप’चा पिकअप का मंदावतो? थ्रॉटल बॉक्स बसवून खरंच फरक पडतो?

रत्नागिरीहून पेट्या भरून आंबा घाटातून कोल्हापूरकडे निघालेली किंवा भिवंडीहून माल घेऊन कसारा घाट चढणारी डिझेल पिकअप वळणावर मंदावते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, पण क्षण-दोन क्षण काहीच घडत नाही. मग गाडी एकदम उसळी घेते. घाटात ओव्हरटेक करताना हाच क्षण धोक्याचा ठरतो. त्यावर उपाय म्हणून काही हजार रुपयांत मिळणारे ‘थ्रॉटल रिस्पॉन्स’ बॉक्स आणि त्याहून महागडे ‘रिमॅपिंग’ सुचवले जाते. गाडीच्या हप्त्यावर घर चालवणाऱ्यांसाठी हा खर्च लहान नाही. म्हणूनच दोष नेमका कुठे असतो, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर नेमके काय होते?

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर मुख्यतः हवेची झडप उघडतो. डिझेल इंजिनाची ताकद मात्र सिलिंडरमध्ये किती डिझेल सोडले जाते यावर ठरते. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल थेट डिझेल पंपाला जोडलेली असे. आजच्या कॉमन रेल इंजिनांत पेडलखाली फक्त सेन्सर असतो. पेडल किती दाबले, हे तो इंजिनाच्या संगणकाला म्हणजे ईसीयूला कळवतो. किती डिझेल सोडायचे, याचा निर्णय ईसीयू घेतो.

हा निर्णय घेताना ईसीयू आत आलेल्या हवेचा हिशेब करतो. हवा कमी असताना जास्त डिझेल सोडले, तर ते पूर्ण जळत नाही आणि काळा धूर निघतो. त्यामुळे हवा वाढेपर्यंत ईसीयू डिझेल हात राखूनच सोडतो. पेडल तळाला टेकले तरी गाडी लगेच उचलत नाही, त्याचे मोठे कारण हे आहे.

टर्बो लॅग म्हणजे काय?

टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. लहान इंजिनातील टर्बोचे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकते. पण तिथवर पोहोचायला त्याला वेळ लागतो. पेडल दाबल्यापासून टर्बोची पुरेशी हवा मिळेपर्यंतचा हा वेळ म्हणजे टर्बो लॅग.

याच्याशी नेहमी गल्लत होते ती दुसऱ्या एका गोष्टीची. इंजिनाच्या फेऱ्या फारच कमी असतील, तर बाहेर पडणाऱ्या वायूत टर्बो फिरवण्याइतका जोरच नसतो. अनेक डिझेल इंजिनांत साधारण १५०० फेऱ्यांच्या खाली ही अवस्था असते. तिथे वाट पाहूनही फारसा उपयोग होत नाही. गिअर खाली घेऊन फेऱ्या वाढवणे, हाच तिथला मार्ग.

टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस यांसारख्या महागड्या पिकअपमध्ये ‘व्हेरिएबल जॉमेट्री’ टर्बो असतो. त्यातील हलणाऱ्या पात्या कमी फेऱ्यांवर वायूची वाट अरुंद करतात. वायूचा वेग वाढतो आणि टर्बो लवकर जागा होतो. मात्र या पात्यांवर काजळी साचून त्या अडकल्या, तर गाडीला पुन्हा दम लागतो.

थ्रॉटल बॉक्स काय करतो?

हा बॉक्स पेडलचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि पेडलचा संदेश फुगवून पुढे पाठवतो. चालकाने पेडल ३० टक्के दाबले, तर ईसीयूला ते ५० किंवा ६० टक्के दाबल्याचे भासते. गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. पण चालकाने स्वतः पेडल तितकेच जास्त दाबले असते, तरी हेच झाले असते. पेडल पूर्ण दाबल्यावर संदेश १०० टक्केच जातो. तिथे बॉक्स असून नसून सारखाच. इंजिनाची अश्वशक्ती त्याने वाढत नाही, टर्बोही लवकर फिरू लागत नाही.

याची परीक्षा बॉक्स विकत न घेताही करता येते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास असताना पेडल पूर्ण दाबावे. गाडी व्यवस्थित उचलत असेल आणि फक्त अर्ध्या पेडलवर सुस्त वाटत असेल, तर ती कंपनीने मुद्दाम मवाळ ठेवलेली पेडलची मांडणी असू शकते. पूर्ण पेडलवरही ती ओढत नसेल, तर दोष दुसरीकडे आहे. मंडईच्या गर्दीत इंचाइंचाने गाडी मागे घेताना असा फुगवलेला संदेश धक्के देतो, हेही ध्यानात घ्यायला हवे.

रिमॅपिंग वेगळे असते का?

हो. रिमॅपिंगमध्ये ईसीयूतील डिझेलचे प्रमाण, टर्बोचा दाब आणि धुराची मर्यादा बदलली जाते. त्यामुळे ताकद खरोखर वाढू शकते, पण किंमतही मोजावी लागते. सिलिंडरमधील तापमान आणि दाब वाढतो. टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. कंपनी वॉरंटी नाकारू शकते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. धूर वाढला की तो लवकर तुंबतो आणि गाडी पूर्वीपेक्षा जड होते.

‘ईजीआर बंद करणे’ हाही गॅरेजमधला लोकप्रिय उपाय. ईजीआर झडप थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडते, त्यामुळे घातक नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. ती बंद केल्यावर इंजिन थोडे मोकळे वाटू शकते, पण प्रदूषण वाढते. नव्या गाड्यांत इंजिनाचा दिवा लागतो आणि ईसीयू ताकदही कमी करू शकतो. झडप काजळीने अडकली असेल, तर ती साफ करणे किंवा बदलणे हाच योग्य इलाज.

मग आधी काय तपासावे?

स्वस्तापासून सुरुवात करावी. पहिला एअर फिल्टर. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो ठरलेल्या किलोमीटरआधीच तुंबतो. दुसरे, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप आणि त्यांचे क्लॅम्प. पाइपला चीर पडली किंवा क्लॅम्प ढिला झाला, की दाबलेली हवा बाहेर निसटते. जोर दिल्यावर ‘फुस्स’ असा आवाज, पाइपच्या सांध्यावर तेलाचे डाग आणि जुन्या गाडीत काळा धूर ही त्याची लक्षणे. काही शे रुपयांच्या पाइपसाठी हजारोंचा बॉक्स बसवल्याने काहीच साधत नाही.

त्यानंतर डिझेल फिल्टर आणि त्यात साचलेले पाणी, टर्बोच्या ॲक्च्युएटरला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी, हवेचा सेन्सर, ईजीआर आणि डीपीएफ असा क्रम ठेवावा. केबल असलेल्या जुन्या गाडीत केबलचा ढिलेपणा पाहावा. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर टर्बोचा संबंध नाही. क्लच घसरतो आहे. स्कॅनर लावून ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला टर्बोचा दाब ताडून पाहिला, तर बराचसा अंदाज तिथेच येतो.

जास्त लोडचा किती परिणाम होतो?

मालवाहू पिकअपमध्ये साधारण अडीच लिटरचे आणि ७० ते ८० अश्वशक्तीचे इंजिन सर्रास आढळते. मालासह तीन टन वजनाची गाडी दर १०० मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने न्यायची, तर केवळ चढासाठी सुमारे २७ अश्वशक्ती लागते. चाकांचे घर्षण आणि वारा वेगळा. टर्बोची हवा न मिळालेले असे इंजिन १२०० फेऱ्यांवर ढोबळ हिशेबाने २० ते २५ अश्वशक्तीच देऊ शकते. म्हणजे वरच्या गिअरमध्ये पेडल कितीही दाबले, तरी गाडीचा वेग उतरतच जाणार.

त्यात ५०० किलो जादा माल टाकला, की आणखी चार-साडेचार अश्वशक्ती हवी. म्हणून चढ सुरू होण्याआधीच गिअर खाली घेऊन इंजिन साधारण १८०० ते २५०० फेऱ्यांत ठेवणे आणि नोंदणीइतकाच माल भरणे, या दोन बिनखर्ची गोष्टींचा परिणाम कोणत्याही बॉक्सपेक्षा मोठा असतो. टायरमधील कमी हवाही गाडीला मागे ओढते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. डीपीएफ काढणे किंवा ईजीआर बंद करणे यामुळे गाडी ज्या प्रदूषण निकषांवर मंजूर झाली, तेच मोडले जातात. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत इंजिनाचा वेग झटक्यात वाढवून धूर मोजला जातो, त्यामुळे धुराची मर्यादा सैल केलेली गाडी तिथे अडकू शकते. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल उघड झाला, तर दाव्यावरून वाद उभा राहू शकतो.