शाळेच्या हिशेबाची वही तुम्ही कधी उघडून बघितलीत?

किराण्याची यादी दुकानात दिली, सामान घरी आलं आणि बिलावर नजरही न टाकता तुम्ही पैसे मोजले – असं कधी होतं का हो? मुळीच नाही! बिलात डाळ किलोभर आणि पिशवीत पाऊणच, हे आपल्या डोळ्यांतून सुटत नाही. मग ज्या शाळेत आपलं पोर दिवसाचे पाच-सहा तास काढतं, तिथल्या वहीवर आपण डोळे मिटून सही का करतो?

‘आपण’ म्हणते, कारण माझी जाऊही त्यातलीच. ती गावी असते. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीत. शाळा व्यवस्थापन समितीवर तिचं नाव घातलं तेव्हा तिला वाटलं, बायकांची संख्या भरायची म्हणून घेतलंय. शाळेतलं एखादं पोर वही घेऊन दारात यायचं – “काकू, सरांनी सही मागितलीय.” एक डोळा दुधावर ठेवून ही सही करायची. दोन वर्षं हेच चाललं होतं.

संख्या भरायची हे खोटं नाही, पण ती भरायला कायदाच सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात म्हटलं आहे, की या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख करायची, शाळा विकास आराखडा करायचा आणि आलेलं अनुदान कुठं गेलं ते बघायचं, ही समितीची कामं. म्हणजे जाऊबाईंची सही नुसती शोभेची नव्हे, बरं का!

आता पैशाचं बघू. ‘समग्र शिक्षा’ योजनेत शाळेला वर्षाकाठी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते ठरतं पटावर. ३० पर्यंत मुलं असली तर १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००. जाऊबाईंच्या शाळेचा पट ३३, म्हणजे २५,०००. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. राहिले २२,५००, महिन्याला १,८७५ रुपये! विजेचं बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, गळकं छप्पर, शैक्षणिक साहित्य, सगळं एवढ्यात बसवायचं. आणि ही रक्कमही पुष्कळदा वर्ष सरता सरता हाती येते. तोवर गुरुजी पदरचे घालतात. तेव्हा वही बघायची ती सरांना चोर ठरवायला नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करा. नाहीतर पहिल्याच सभेत भांडण व्हायचं.

पण त्या ३३ च्या आकड्याकडे पुन्हा एकदा बघा. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येते. तीन घरांनी आपली मुलं त्या गाडीत बसवली, की पट ३०. अनुदान एकदम १५,००० रुपयांनी खाली! पट घसरतच गेला तर प्रश्न शाळेच्या अस्तित्वावर येतो. दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० च्या वर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय राज्यात २०१७ साली झाला होता, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूहशाळा करण्याची योजना पुढे आली. गाडीत बसवणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. खरं सांगायचं तर जाऊबाईंचाही तोच बेत होता – “इथं काही शिकवत नाहीत हो,” म्हणायची.

मी विचारलं, “पण त्याला येतं काय, ते बघितलंस का कधी?” मार्क बघितले होते, वाचून घेतलं नव्हतं. तुम्हीही एक करा. दुसरीच्या पुस्तकातला सोपा, आठ-दहा वाक्यांचा उतारा तिसरीतल्या मुलापुढे ठेवा, पाठ नसलेला. ‘असर’ ही देशभराची पाहणी असंच करते. २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या शंभर मुलांत असा उतारा वाचणारी वीस-एकवीसच निघाली, २०२४ मध्ये सत्तावीस. यात खाजगी शाळांतली मुलंही धरलेली आहेत. नुसती गाडी बदलून भागत नाही, ते यासाठी!

जाऊबाईंचा धाकटा सरळ शब्द वाचायचा, जोडाक्षर आलं की अडायचा. पुढच्या सभेला ती पुस्तक घेऊनच गेली. वही मागितली. सरांनी लगेच काढून दिली, उलट जरा बरंच वाटलं त्यांना. मग त्यांचीही बाजू कळली. पहिली ते चौथी चार वर्ग, शिक्षक दोन. साठ मुलांपर्यंत दोनच, असं कायद्यातलं प्रमाण. त्यात एकजण मतदारयाद्यांच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला, की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे. तिथं कुणाचं वाचून घेणार?

वहीत वीजबिलाची थकबाकी होती. त्यापायी भेट मिळालेला टीव्ही बंद पडून होता. आणि पुढच्या खर्चात भिंती रंगवायचं ठरत आलं होतं. जाऊबाई म्हणाली, “दादा, भिंत वाचून पोरगं किती दिवस वाचणार?” सभेत हशा पिकला, पण मुद्दा पटला. आधी वीजबिल, मग मोठ्या अक्षरांतली गोष्टींची पुस्तकं. दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास चौथीच्या मुलांनी धाकट्यांना घेऊन वाचायला बसायचं, आणि समितीतल्या दोघी बाया पाळीपाळीने तिथं हजर राहायच्या. सोमवार-गुरुवार जाऊबाईंचे.

पिवळ्या गाडीचं तिने यंदापुरतं थांबवलंय. ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची पदं मंजूर होतात, हेही तिला त्याच सभेत कळलं.

रंगाचं पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.