रोल कोणाचा?

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग जिल्ह्यातून जातो खरा, पण तो घाटाखालून; मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत. घाटावरचे बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार हे तालुके एसटीच्या आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या भरवशावर. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार, आणि त्यातले पाचात चार लोक खेड्यात. सोयाबीन-कपाशीच्या दोन-चार एकरांवर दोन भावांचे भागत नाही, तेव्हा धाकटा डिकीत पिशवी टाकून रात्रीची गाडी धरतो. “पोरगा पुण्याले गेला” असे घरचे सांगतात. प्रत्यक्षात तो शनिवारवाड्यापासून बराच लांब, चाकणला किंवा रांजणगावला उतरलेला असतो. नाहीतर त्याआधीच, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्ये.

तो पोचला की गावात दोन प्रश्न विचारले जातात: कंपनी कोणती आणि पगार किती? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि पुढचे बरेचसे त्याच्यावरच ठरते. रोल कोणाचा?

औद्योगिक वसाहतीत एकाच शेडमध्ये, एकाच रंगाचा शर्ट घालून शेजारी उभे असलेले चौघे चार वेगवेगळ्या नात्यांनी तिथे असू शकतात. पहिला कंपनीच्या रोलवर, म्हणजे तिचा पगारी नोकर. दुसरा कंत्राटदाराचा माणूस. त्याला कामावर घेणारा, काढणारा आणि पगार देणारा वेगळाच. तिसरा शिकाऊ उमेदवार, 1961 च्या कायद्याखाली ठरावीक मुदतीसाठी विद्यावेतन घेणारा. चौथा कुठल्यातरी योजनेतला ‘ट्रेनी’. काम चौघांचे सारखे दिसते. पीएफ, रजा, बोनस आणि उद्याची शाश्वती मात्र सारखी नसते. कंत्राटदाराकडे काम करण्यात कमीपणा नाही, कित्येकदा दार तिथूनच उघडते. पण आपण कंपनीत ‘लागलो’ असे सांगत दोन वर्षे काढायची आणि मग पासबुकावर भलत्याच एजन्सीचे नाव बघायचे, असे होऊ नये.

हा प्रश्न विचारायचा कोणाला, इथूनच नोकरीचा शोध सुरू होतो. उत्तर आहे: आधीच तिथे असलेल्या, पण फार जवळच्या नसलेल्या माणसाला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना ती कशी मिळाली हे विचारले होते. 1973 साली त्यांचा निबंध आला, पुढच्या वर्षी पुस्तक. निम्म्याहून जास्त जणांना काम ओळखीतून मिळाले होते. मात्र ज्यांच्याकडून खबर मिळाली त्यांतल्या जेमतेम 17 टक्के लोकांशी त्यांची वरचेवर भेट होत असे; बाकीचे अधूनमधून किंवा वर्षाकाठी एखाद्या वेळी भेटणारे. 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरचा अभ्यास छापून आला, त्यानेही बेताच्या ओळखीचेच पारडे जड असल्याचे दाखवले. कारण साधे आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. पारावर रोज सोबत बसणाऱ्या पाच जणांकडे पाच नव्या खबरा नसतात.

म्हणून मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या मुलाने सख्ख्या मामाच्या मागे लागण्यापेक्षा आयटीआयच्या दोन बॅच पुढे असलेल्या, नावाने ओळखणाऱ्या मुलाला फोन करावा. लग्नात एकदाच भेटलेल्या चुलत मेहुण्याला करावा. आणि फोनवर “काही असंल तर सांगा” एवढेच म्हणून ठेवून देऊ नये. त्याने पुढे काही होत नाही. ट्रेड कोणता, काय येते, कधीपासून मोकळा आहे हे सांगून थेट विचारावे: तुमच्या लाइनवर भरती कंपनी करते की कंत्राटदार? पगार किती तारखेला पडतो? मागच्या वर्षी घेतलेली पोरे अजून टिकून आहेत का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. वर्षभरात सगळी तुकडी बदललेली असेल, तर त्या जागेत काहीतरी बिघडलेले आहे.

ओळखीच्या या बाजाराला एक काळी बाजूही आहे. ज्यांच्या घरातले, गल्लीतले कोणीच कधी कंपनीत गेले नाही, त्यांनी फोन कोणाला करायचा? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी 2005-06 मध्ये खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावे वेगळी असलेले अर्ज पाठवले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाची त्याहूनही कमी. तेव्हा “ओळखी वाढव” हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

अशा वेळी सरकारी खिडकी निरुपयोगी समजू नये. पूर्वीचे सेवायोजन कार्यालय आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र म्हणून ओळखले जाते आणि नोंदणी ‘महास्वयंम’ पोर्टलवर होते. नोंदणी केली म्हणजे घरी कॉल येईल, हे दिवस गेले. पण रोजगार मेळाव्यांची आणि योजनांची वाट त्याच पोर्टलवरून जाते. मेळाव्याला जाताना फाइल फुगवण्यापेक्षा एका पानाच्या बायोडाटाच्या आठ-दहा प्रती न्याव्यात आणि प्रत्येक टेबलावर आधी आपणच विचारावे, रोल कोणाचा? उत्तर सरळ मिळाले नाही तर पुढच्या टेबलाकडे वळावे.

जिल्ह्यात अगदीच काही नाही असेही नाही. खामगावच्या एमआयडीसीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. मलकापूरजवळ दसरखेडची वसाहत आहे. जिनिंग-प्रेसिंगला कपाशीच्या हंगामात माणसे लागतात, पण ते काम हंगामापुरतेच. देऊळगाव राजाच्या मुलाला जालन्याच्या लोखंड आणि बियाण्यांच्या उद्योगात घरून ये-जा करून काम करता येते. खोलीभाडे वाचते, हा हिशेब पुण्याच्या पगाराशी लावून पाहावा. बी.कॉम. झालेल्यांसाठी पतसंस्था आहेत. 1986 साली बुलढाण्यातच सुरू झालेल्या बुलडाणा अर्बनच्या शाखा आज राज्याबाहेरही आहेत.

आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीकडे मात्र नाक मुरडू नये. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. एसटी, महावितरणही घेतात. विद्यावेतन कमी असते आणि पीएफ कापला जात नाही. तो नियमच आहे, त्यात फसवणूक नाही. शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते आणि ते वजनदार असते. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना 6,000, आयटीआय-पदविकावाल्यांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये ठरले. तेही प्रशिक्षणच, नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलने झाली ती हा फरक आधी नीट न सांगितल्यामुळे.

आता भरतीचे. पहाटे मैदानावर धावणारी मुले-मुली दिसली की पोलीस भरती ओळखू येते. मैदानी 50 गुण, लेखी 100. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 28. तयारी करावी, जरूर करावी. मात्र “भरती निघंल तवा पाहू” म्हणत बाविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत दुसरे काहीच न करणे फार महाग पडते. तिशीच्या उंबरठ्यावर बायोडाटात सहा वर्षांची रिकामी जागा घेऊन उभे राहावे लागते. सकाळी मैदान आणि दिवसा शिकाऊ उमेदवारी, हे कठीण असले तरी जमणारे आहे.

‘लावून देतो’ म्हणणाऱ्यांची जात मात्र भरतीइतकीच चिवट. खूण एकच पुरे: नोकरी देण्याआधी पैसे मागितले. नोंदणी फी, गणवेश, ट्रेनिंग, डिपॉझिट, नाव काहीही असो. कंपनीचे पत्र जीमेलच्या पत्त्यावरून आले किंवा मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितली, तर तिथूनच परत फिरावे. परदेशाचे आमिष असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ‘ई-मायग्रेट’वर दिसते. त्याला कायद्याने 30,000 रुपये आणि त्यावरच्या जीएसटीपलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. म्यानमार आणि कंबोडियात ‘डेटा एंट्री’साठी नेलेल्या भारतीय मुलांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे 2022 पासून वारंवार उघड झाले आहे. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करावा.

गाडी धरण्याआधीचे एक काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्यात जास्त अडते तिथेच. नाव. टीसीवर किसन, आधारवर कृष्णा, बँकेत वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आणि पॅनवर नाही. गावात याने काही बिघडत नाही. पीएफच्या खात्यात आधार जुळले नाही की सगळे थांबते. हे गावाकडे, सेतू केंद्र आणि बँक हाताशी असतानाच सरळ करून घ्यावे. चाकणहून रजा टाकून परत येण्यात आठवड्याचा पगार जातो.

मग पगाराचा हिशेब. “अठरा हजार” म्हणजे हातात अठरा हजार नव्हे. पीएफ 15,000 रुपयांवर धरला तर 12 टक्क्यांनी 1,800 कापले जातात. ईएसआयचा पाऊण टक्का म्हणजे 135. व्यवसाय कर 200. महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे. उरले 15,865, आणि त्यातून खोली, मेस, गाडीभाडे. शिवाय पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणार, म्हणजे दीड महिन्याची सोय घरूनच करून निघावी. कित्येक मुले पंधरवड्यात परत येतात त्यामागे कामाचा कंटाळा कमी आणि रिकामा खिसा जास्त असतो.

कापले जाते ते वाया जात नाही, हेही समजावून सांगावे लागते. पीएफमध्ये मालकालाही तेवढाच वाटा भरावा लागतो. वीस माणसांच्या आस्थापनेला पीएफ आणि दहा माणसांच्या आस्थापनेला ईएसआय लागू होतो; ईएसआयला पगाराची मर्यादा 21,000. ईएसआयच्या कार्डावर कामगाराबरोबर बायको-मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांनाही उपचार मिळतात. पीएफशी जोडलेल्या विम्यातून कामगाराचा मृत्यू झाल्यास वारसाला 7 लाखांपर्यंत रक्कम मिळते, पण वारसाची नोंद आधी करून ठेवलेली बरी.

रोल कोणाचा, याचे पक्के उत्तर दोन कागदांवर असते. एक नियुक्तिपत्र. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येकाला देणे बंधनकारक केले आहे. त्यावर मालकाचे नाव, पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख बघावी, आणि फोटो काढून घरी पाठवावा. दुसरे पीएफचे पासबुक. पीएफचा यूएएन नंबर आयुष्यभर एकच असतो, नोकरी बदलली म्हणून नवा काढू देऊ नये. दुसऱ्या महिन्यात ‘उमंग’ अ‍ॅपवर पासबुक उघडून पैसे पडले का ते पाहावे. पगारपत्रकात कपात आहे पण पासबुकात जमा नाही, हा प्रकार लवकर कळला तर सुटतो. कंत्राटदाराने पगार बुडवला तर कायद्याने मुख्य कंपनीवर जबाबदारी येते. तिथपर्यंत पोचायलाही हजेरी, ओळखपत्र, पगारपत्रक असे काहीतरी हातात लागतेच.

पहिल्या तीन महिन्यांत कौशल्यापेक्षा हजेरी मोजली जाते. आणि आपल्याकडच्या मुलांची हजेरी नेमकी तुटते ती ऑक्टोबरात. सोयाबीन सोंगायला आले, मजूर मिळत नाही, बापाचा फोन येतो, पोरगा न सांगता गाडी धरतो. परत येतो तेव्हा गेटवर त्याचा पास चालत नाही. सुपरवायझरला आठ दिवस आधी सांगितले, अर्ज लिहून दिला, बदली माणूस सुचवला तर पुष्कळदा रजा मिळते. सुपरवायझरही पुष्कळदा स्वतःच कुठल्यातरी गावचा शेतकऱ्याचा मुलगा असतो. लग्नसराईचेही तसेच. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा, म्हणून त्याचे तास स्वतःच्या डायरीत लिहावेत. मशीनवरचे गार्ड काढून काम उरकायला सांगितले तर नवखा असला तरी नाही म्हणावे. बोट गेलेला ऑपरेटर पुन्हा त्या मशीनवर घेतला जात नाही.

नोकरी सोडायची वेळ आली तरी ती पळून जाऊन सोडू नये. राजीनामा लेखी द्यावा, अनुभवपत्र मागून घ्यावे. नव्या संहितेप्रमाणे उरलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते व्हायला हवे. पीएफ मोडून मोबाइल घेण्याची पद्धत पडली आहे. पीएफ नव्या खात्यात वळवला तर निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेत आधीची वर्षे धरली जातात. त्यासाठी जुन्या मालकाने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरलेली असावी लागते. त्याने ती भरली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी कामगाराला ती स्वतःच्या लॉगिनमधून भरता येते.