पांढरीखालचं प्रतिष्ठान

गावाला काळी असते आणि पांढरी असते. काळी पिकते, पांढरीवर माणसं राहतात. पैठणची पांढरी गोदावरीच्या उत्तर काठावर दोन हजारांहून अधिक वर्षं चढत गेली आहे. पडक्या भिंतीवर नवी भिंत, चुलीच्या राखेवर नवी चूल. एका भागाला लोक ‘पालथी नगरी’च म्हणतात. मोठा पाऊस होऊन गेला की अशा मातीत एखादा मणी उघडा पडतो. ज्वारीच्या दाण्याएवढा, लालसर आणि मधोमध इतकं बारीक भोक की शिवणाचा दोरा जेमतेम जावा. ते पाडणाऱ्या हाताचं नाव कुठल्याही वंशावळीत नाही.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, हे शाळेपासून पाठ असतं. टॉलेमीने दुसऱ्या शतकात ‘बैठण’ हे सातवाहन राजा पुळुमावीचं राजधानीचं ठिकाण म्हणून नोंदवलं. त्याआधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत मात्र राजा दिसत नाही, गाड्या दिसतात. भडोचहून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून अकीकाच्या जातीचे दगड लादून बंदराकडे निघालेल्या गाड्या. पितळखोऱ्याच्या लेण्यातले दानलेख तर त्याहून जुने. त्यात पतिठाणचा, म्हणजे पैठणचाच, मितदेव भेटतो. तो गांधिक, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. मला या शहराची सुरुवात त्याच्यापासून करावीशी वाटते.

कारण सिंहासन गेलं तरी पैठण उठलं नाही. सातवाहन संपल्यावरच्या काळातली विटांची देवळं इथल्या उत्खननात सापडली आहेत. पुढे देवगिरीला यादव आले, राजधानी तिकडे राहिली. पैठणने विद्येचा मान राखला. दक्षिण काशी म्हणून इथल्या पंडितांचा शब्द चाले. ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्रासाठी इथेच आली, अशी परंपरा सांगते. नागघाटावर रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा तिथलीच.

मला यात एक धागा दिसतो तो भाषेचा. सातवाहनांनी नाणेघाटात लेख कोरवला तो प्राकृतात. हालाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, शेताबांधावरच्या माणसांची. नंतर याच नगरीत संस्कृतचा दरारा वाढला आणि त्याच्या ऐन मध्यावर एकनाथांनी मराठीत लिहायला घेतलं. भागवत पैठणला सुरू झालं आणि 1573 साली काशीत पुरं झालं. 1584 साली त्यांनी हस्तलिखितं ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठभेद जुळवत बसणं हे किती चिकाटीचं काम! पैठणीच्या मागावर बसलेला विणकर रंगारंगाच्या कांड्या एकेका धाग्यात अडकवत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा उतरवतो, तसंच.

पैठणलाच गोदावरीवर जायकवाडीचं धरण 1976 साली पुरं झालं. त्या अथांग पाण्याला एकनाथांवरून नाव दिलं नाथसागर. एकाही सातवाहनाचं नाही.

नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपात देव कावडीने पाणी आणून तो भरत असे, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते. मग येईल तो गोदावरीतून घागर आणतो, ओततो आणि मागच्याला जागा करून देतो. नाथषष्ठी जवळ येते तशी सगळ्यांची नजर रांजणाच्या काठावर असते.