चाकांवरचे बिऱ्हाड आणि वर्षभराची खतावणी

व्यापारी घरातील मुलगा वा मुलगी पदवीधर झाली की वडीलधाऱ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पेढीवर कधी बसणार, आणि लग्नाचे कधी पाहायचे? अलीकडे काही घरांत मुलांकडूनच तिसरा प्रश्न येऊ लागला आहे : "एक वर्ष ऑस्ट्रेलियात जाऊ का? तिथे काम करीन, गाडीतच राहीन आणि देश पाहीन." ऐकणाऱ्यास हे खूळ वाटते. परंतु या कल्पनेमागे आता रीतसर कायदेशीर चौकट आहे. कर्जप्रस्ताव तपासण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे मी या प्रस्तावाकडेही त्याच दृष्टीने पाहतो. पात्रता, भांडवल, उत्पन्न, जोखीम आणि परतफेड या पाच कसोट्यांवर तो उतरतो का, हे तपासू.

प्रथम पात्रता. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला. त्यातील तरतुदीनुसार २०२४ पासून १८ ते ३० वर्षे वयाच्या भारतीयांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा खुला झाला. वर्षाला जागा केवळ १,००० असल्याने निवड सोडतीने होते. नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर असून नाव निघाल्यावर २८ दिवसांत पूर्ण अर्ज भरावा लागतो. पदवी किंवा किमान दोन वर्षांचे उच्च शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि सुमारे ५,००० डॉलरची शिल्लक एवढी तयारी आधी हवी. व्हिसा १२ महिन्यांचा असतो. साधारणतः एकाच मालकाकडे सहा महिन्यांहून अधिक काम करता येत नाही. अवलंबून असलेली मुले सोबत नेता येत नाहीत. थोडक्यात, एकतिसावा वाढदिवस झाला की ही वाट बंद होते.

दुसरे भांडवल. त्यात सर्वांत मोठा खर्च कॅम्पर व्हॅनचा. मागील भागात बिछाना, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि छतावर सौर पट्टी, असे हे फिरते बिऱ्हाड. आठ-पंधरा दिवसांसाठी भाड्याची गाडी ठीक; वर्षभरासाठी जुनी विकत घेऊन शेवटी विकणे बहुधा परवडते. मात्र खरेदीपूर्वी तिथल्या सरकारी 'पर्सनल प्रॉपर्टी सिक्युरिटीज रजिस्टर'वर त्या गाडीचा शोध घ्यावा. गाडीवर कोणाच्या कर्जाचा बोजा आहे का, हे अवघ्या दोन डॉलरमध्ये कळते. आपल्याकडे आरसी बुकातील बोजाची नोंद पाहतात, तोच हा प्रकार. नोंदणीला तिथे बोलीभाषेत 'रेजो' म्हणतात. तिची मुदत किती उरली आहे आणि हस्तांतरणासाठी तपासणीचा दाखला लागतो का, हे राज्यागणिक बदलते. नोंदणीसोबत येणारा सक्तीचा विमा केवळ माणसांच्या इजेपुरता असतो. दुसऱ्याच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्यावा.

तिसरे उत्पन्न. जुलै २०२५ मध्ये तिथला किमान वेतनदर ताशी २४.९५ डॉलर झाला. रोजंदारीवरील कामगारास त्यावर २५ टक्के अधिक मिळतात. पोहोचताच टॅक्स फाइल नंबर घ्यावा. या व्हिसावरील कामगारास पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो आणि हा दर ४५,००० डॉलरपर्यंत राहतो. मालक वेतनाच्या १२ टक्के रक्कम निवृत्तिनिधीत भरतो. परंतु देश सोडताना ती काढली तर ६५ टक्के कर कापला जातो. म्हणून तिला बचत समजून हिशेब मांडू नये.

कामे हंगामी असतात आणि व्हॅनचा खरा उपयोग इथेच आहे. जिथे हंगाम तिथे मुक्काम. डिसेंबर-जानेवारीत टास्मानियात चेरीची तोडणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिल्डुरा परिसरात द्राक्षे, वर्षअखेरीस डार्विन-कॅथरीनकडे आंबा. मिल्डुरा तर बेदाण्यासाठी नावाजलेले. तासगाव-सांगलीच्या बेदाणा व्यापारातील घरच्या तरुणाने तिथे एक हंगाम हाताने काम केले, तर प्रतवारी आणि वाळवणी यांचे जे ज्ञान मिळेल ते गादीवर बसून मिळणे कठीण. ग्रामीण भागात ठरावीक प्रकारचे तीन महिन्यांचे काम केल्यास दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. या यादीत पशुपालन आणि मासेमारीही येते. आपल्या मुलांनी फळबागांची कामे आधीपासून हेरून ठेवावीत.

आहाराची चिंता गृहिणींना प्रथम वाटते. स्वतःची शेगडी असल्याने हा प्रश्न उलट सोपा होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण करून घेणेही स्वतःच्या हाती राहते. डाळ, तांदूळ, कणीक, मसाले तिथल्या शहरांत मिळतात. घरून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा. लपविल्यास जबर दंड होतो. फळमाशीच्या भीतीने काही राज्यांच्या सीमेवरही ताजी फळे काढून घेतात.

चौथी जोखीम. अंतरे प्रचंड आहेत. पर्थ ते अ‍ॅडलेड हा रस्ता सुमारे २,७०० किलोमीटरचा असून त्यात जवळजवळ १४७ किलोमीटर एकही वळण नाही. पहाटे व सायंकाळी कांगारू आडवे येतात, म्हणून अंधारात गाडी हाकू नये. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो आणि रस्ते पाण्याखाली जातात. बंद गाडीत गॅस पेटता ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावेच. शहरांत आणि किनाऱ्यांवर वाटेल तिथे गाडीत झोपल्यास दंड होतो. कामाच्या ठिकाणी दर हप्त्याची वेतनपावती मागून जपावी. नगावर मजुरी ठरली तरी फळबागांतील कामगाराला ताशी किमान वेतनाची हमी आहे, आणि तक्रार 'फेअर वर्क ओम्बुड्समन'कडे करता येते.

राहिली परतफेड. ती केवळ रुपयांत मोजू नये, पण मोजावी जरूर. निघण्यापूर्वी घरात बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : परतण्याची तारीख, घरून मिळणारी कमाल रक्कम, परतीच्या तिकिटासाठी राखून ठेवलेला पैसा, आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी फोन करायचा. मुलाने वा मुलीने रोजमेळ स्वतः लिहावा. डिझेल, धान्य, दुरुस्ती, मजुरी सगळे. बाहेर पाठविलेली रक्कम आर्थिक वर्षात १० लाखांवर गेल्यास बँक कर संकलित करते, तेव्हा पाठवणीच्या नोंदीही जपाव्यात.

वडीलधाऱ्यांना एकच विनंती. नकार द्यायचा असेल तर हिशेब पाहून द्यावा. लोक काय म्हणतील एवढ्यावरून देऊ नये. आणि होकार दिलात, तर मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही तो सारख्याच अटींवर द्यावा.