आजोबांना खडा टोचलाच नाही

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करायची, तीही अनवाणी, हा आमच्या आजोबांचा नेम. साधारण २० किलोमीटर, वर पाऊस, खाली चिखल आणि खडी. आजोबांना शुगर आहे, पंधरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ते फेरीहून आले, जेवले, झोपले. सकाळी आजीला चादरीवर रक्त दिसलं. करंगळीखाली खडा रुतून बसला होता आणि आजोबांना पत्ताच नाही! "दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला?" आठ-दहा दिवसांत जखम चिघळली आणि करंगळी काढावी लागली.

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. पण तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं, ते आपल्या ब्रँचवाल्यांना पटकन कळेल असं आहे, म्हणून लिहितेय.

मुख्य भानगड सेन्सरची. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आपल्याला काही टोचलं की आपण न कळत वजन दुसरीकडे टाकतो. आजोबांचा हा फीडबॅक लूपच तुटलेला. तपासायला मशीन वगैरे नाही, फक्त नायलॉनचा एक धागा! आठवा, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला ऑयलरचा कॉलम. ठरावीक लोडला तो बकल होतो. हा धागा १० ग्रॅमला वाकतो, त्यामुळे कुणीही दाबला तरी जोर तेवढाच. आजोबांना डोळे मिटायला सांगितलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "करा ना सुरू." तोवर दोन्ही तळव्यांवर टोचून झालं होतं. आजी खिडकीबाहेर बघत राहिली.

नसा गेल्या की पायाचे छोटे स्नायूही दुबळे होतात, बोटं वाकतात आणि सगळा भार चवड्यावरच्या थोड्याशा जागेवर येतो. एरिया कमी, प्रेशर जास्त. तिथे घट्टा पडतो आणि तो बुटात खडा असल्यासारखा आतून दाबत राहतो. घाम येत नाही म्हणून भेगा पडतात, ते वेगळंच.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या पायाच्या जखमा बधिरपणामुळे होतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडलं.

दुसरं कारण रक्तपुरवठा. रक्तच पोचत नसेल तर रिपेअरचं सामान येणार कुठून? तंबाखू-सिगरेटनं हे आणखी बिघडतं (टपरीवरची मंडळी, ऐकताय ना?). किडनीचा त्रास किंवा कमी दिसणं असेल तर धोका वाढतो. आणि ज्याला एकदा जखम झाली, त्याला परत होण्याची भीती सगळ्यात जास्त. म्हणजे आमचे आजोबाच.

बाकी घरातल्याच गोष्टी : गरम पाण्यात पाय बुडवणं, ब्लेडनं भोवरी कापणं, घट्ट चप्पल. आजी आता रोज रात्री चष्मा लावून त्यांचे तळवे बघते.

यंदा फेरीवरून घरात भांडण झालं. बूट घालून फेरी आजोबांना पटेना, अनवाणी आजी जाऊ देईना. शेवटी त्यांच्या वतीनं मी गेले, स्पोर्ट्स शूज घालून. परत आल्यावर आजोबा म्हणाले, "पाय दाखव गं." डाव्या टाचेला फोड आला होता. मला तो दुपारपासून ठणकत होता.